घोड्याची हाताळणी आणि शिस्त: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूर परिसरात घोडा नाना कामांना लागतो. रंकाळ्यावर आणि पन्हाळ्यावर पर्यटकांना फिरवायला, वरातीला, शर्यतीच्या गाडीला, आणि निव्वळ हौसेनं दारात बांधायलासुद्धा. काम कोणतंही असो, पाठीवर बसण्याच्या आधीची हाताळणी सगळ्यांना सारखीच आहे: सोडणं, बांधणं, खरारा (अंग घासून साफ करणं), पाय उचलणं, नालबंदापुढे उभं करणं, गर्दीतून चालवत नेणं. मालक आणि मोतद्दार (घोड्याची निगा राखणारा माणूस) या कामांबद्दल जे प्रश्न नेहमी विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

शिस्तीचा घोडा कोणाला म्हणायचं?

दोरी सैल असताना जो तुमच्या बरोबरीनं चालतो, तुम्ही थांबलात की थांबतो, बोटाच्या दाबानं मागे किंवा बाजूला सरकतो, चारही पाय न झटकता देतो आणि बांधल्यावर उभा राहतो, तो. यातलं सगळं दोरी सैल असतानाच व्हायला हवं. दोन माणसांनी दोन्हीकडून ताणून धरलेला घोडा शांत दिसतो, पण त्याला काही शिकवलेलं असतंच असं नाही. दोरी सोडा, लगेच कळतं.

आमचं घोडं माजलंय. शिकवायला कुठून सुरुवात करू?

आधी ते दुखतंय का, ते बघा. चांगला घोडा अचानक चावायला, लाथ मारायला किंवा पाय आखडून घ्यायला लागला, तर निम्म्याहून जास्त वेळा कारण अंगात सापडतं, असं आमचं मत आहे. तंगाखाली, म्हणजे खोगीर आवळायचा पोटपट्टा बसतो तिथे, हात फिरवा. तिथे सोलवटलेलं किंवा गाठ आलेली असते. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना, खोगीर बसतं तिथे, चार बोटांनी दाबत जा. घोडा पाठ खाली घालत असेल तर खोगीर बंद करा. चारा चघळताना तोंडातून गोळे पडत असतील किंवा लगामाला डोकं झटकत असेल, तर पशुवैद्यांकडून दात कानशीनं घासून घ्या. वरच्या दाढांच्या बाहेरच्या कडा धारदार होतात आणि गालाला जखमा करतात. अडीच ते पाच वर्षांच्या घोड्याचे दुधाचे दात पडून पक्के येत असतात, त्यामुळे या वयात तोंडाच्या तक्रारी जास्त.

पावसाळ्यात खूर बघाच. जून ते सप्टेंबर तबेल्यात ओल राहते. खुराच्या तळव्यातला त्रिकोणी मऊ भाग सडतो, काळा घाण वासाचा चिकटा येतो आणि घोडा पाय द्यायचा बंद होतो. मग लोक म्हणतात, खोड लागली.

दुसरं कारण खाण्याचं. चंदी (दाण्याचा खुराक) भरपूर आणि दिवसभर मेखेला उभा, अशा घोड्याकडून शांतपणाची अपेक्षा करणं अन्यायाचं आहे. साधारण ३५० किलोच्या घोड्याला रोज ५ ते ७ किलो सुका चारा पोटात जायला हवा. चंदी कामाच्या मानानं द्यावी, काम नसलेल्या दिवशी कमी करावी. आणि शिकवण्याआधी त्याला मोकळं फिरू द्या, लोळू द्या.

साहित्य काय लागतं?

नीट बसणारी मोहरकी (तोंडात लोखंड नसलेला, डोक्यावर चढवायचा पट्टा), १० ते १२ फुटांची जाड सुती दोरी, तीन-चार फुटांची हलकी काठी किंवा छडी, हातमोजे, आणि बंद बूट. मोहरकीची नाकपट्टी गालाच्या हाडाखाली दोन बोटं असावी. त्याहून खाली गेली तर नाकाच्या कुरकुरीत हाडावर दाब येतो. नायलॉनची बारीक दोरी नको, ती हाताची साल काढते.

पायताण घालून घोड्याजवळ जायचं नाही. उघड्या बोटांवर नालेचा पाय पडला तर बोट मोडतंच, आणि ओल्या शेणावर कातडी तळ घसरतो तो वेगळाच.

दोरी हाताला गुंडाळू नका, ही एक गोष्ट तबेल्यातल्या लहानथोर प्रत्येकाला पाठ हवी. उरलेली दोरी घड्या घालून मुठीत धरा. गुंडाळलेली दोरी घोडा उधळला की आवळते आणि माणूस फरफटत जातो.

घोडा शिकतो कसा?

दाब दिल्यानं घोडा शिकत नाही. दाब कधी सुटला, त्यावरून शिकतो. तुम्ही छातीवर बोट टेकवलंत, तो अर्धं पाऊल मागे गेला आणि त्याच क्षणी बोट निघालं, तर त्याच्या डोक्यात बसतं: मागे गेलं की सुटका. बोट तसंच राहिलं, तर मागे जाऊन काय उपयोग, असं बसतं. तो अंगावर आला आणि तुम्ही घाबरून दोन पावलं मागे सरलात, तर दाब त्यानं दिला आणि सुटलात तुम्ही. उद्या तो आणखी जोरानं येईल. नाठाळ म्हणून विकले जाणारे बरेच घोडे असेच तयार झालेले असतात. कोणीतरी रोज, नकळत, त्यांना हेच शिकवलेलं असतं.

सुटकेला एका सेकंदाहून जास्त उशीर झाला, की घोडा ती दुसऱ्याच हालचालीशी जोडतो. शाबासकीचंही तसंच. मानेच्या मुळाशी, आयाळ संपते तिथे, नखांनी खाजवलेलं घोड्याला थापट्यांपेक्षा जास्त आवडतं.

दाब नेहमी हलक्यापासून वाढवत न्या: आधी नुसता हात पुढे, मग केसांना स्पर्श, मग कातडीवर दाब, मग बोटानं टकटक. प्रत्येक पायरीला दोन-तीन सेकंद थांबा. थोड्या दिवसांत पहिल्या पायरीलाच काम होतं.

मागे सरायला शिकवायची नेमकी रीत सांगा.

हा पहिला धडा, आणि पुढच्या बहुतेक अडचणींचं औषधही. डोक्याच्या समोर नको, डाव्या बाजूला खांद्यापाशी थोडं पुढे, त्याच्याकडे तोंड करून उभे रहा. घोड्याला कपाळाच्या अगदी समोरचं आणि शेपटीच्या थेट मागचं दिसत नाही. बाकी जवळपास सगळा घेर दिसतो.

दोरी कडीच्या खाली वीतभर धरा. तोंडानं "मागं" म्हणा, एकदाच. मग मोहरकीवर छातीच्या दिशेनं हलका दाब द्या आणि तो तसाच धरून ठेवा. झटके नकोत. आता त्याच्या छातीकडे आणि पुढच्या गुडघ्यांकडे बघा. पाऊल उचलण्याआधी वजन मागे जातं: छातीचा स्नायू सैल पडतो, एक गुडघा किंचित वाकतो. पहिल्या दिवशी दोरी सैल सोडायची ती इथेच, पाऊल पडायची वाट न बघता. पाच सेकंद काही करू नका. घोडा ओठ चाटेल, मान खाली घेईल.

दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला एक पाऊल मागा, दोन दिवसांनी तीन. चांगला मागे सरणारा घोडा डोकं खाली ठेवतो आणि पुढचा डावा, मागचा उजवा असे तिरपे पाय जोडीनं उचलतो. डोकं वर करून, पाठ वाकवून, पाय घासत जात असेल, तर तुमचा हात जड आहे.

काय चुकतं? सगळ्यात जास्त चुकतं ते "मागं मागं मागं" असं सतत बोलणं. शब्दाचा अर्थच उरत नाही. दुसरी चूक म्हणजे पहिल्याच दिवशी दहा पावलं मागणं. तिसरी, भिंतीकडे पाठ असताना सरायला सांगणं. त्याला जागाच नसेल तर तो मागच्या पायांवर वर उठेल.

चालवत नेताना अंगावर येतो, पायावर पाय देतो. काय करू?

तुमचा खांदा त्याच्या गळ्याच्या सरळ रेषेत आणि अंतर हातभर, ही जागा ठरवून घ्या. ती मोडली की लगेच, न रागावता, तीन पावलं मागे सारा आणि पुन्हा चाला. आत झुकत असेल तर कोपर बाहेर काढा, त्याची मान स्वतःहून कोपरावर आपटू द्या. तुम्ही मारलेलं नसतं, तोच आपटलेला असतो. घोड्याला हा फरक चांगला कळतो.

मग खांदा हलवायला शिकवा. गालावर एक हात, खांद्याच्या मध्यावर दुसऱ्याची बोटं, दाब तुमच्यापासून दूर. पुढचा पाय दुसऱ्या पायाच्या पुढून ओलांडून गेला की सोडा. त्यानंतर मागचा भाग: तंगाच्या मागे वीतभर, जिथे टाच लागते तिथे, बोटं टेकवा आणि मागचा पाय पोटाखालून ओलांडू द्या. मागचा भाग हलवता येणं फार कामाचं आहे. मागचे पाय एकमेकांना ओलांडत असताना घोड्याला उधळता येत नाही आणि वर उठताही येत नाही.

हे सगळं उजव्या बाजूनंही करा. आपल्याकडे सगळी कामं डावीकडून करायची रीत आहे, त्यामुळे उजवीकडून माणूस आला की घोडा परक्यासारखा बुजतो. गर्दीत माणसं कुठूनही येतात.

पुढे चालायलाच तयार नाही, खुंट्यासारखा उभा राहतो.

समोर उभं राहून दोरी ओढू नका. ओढण्यात तुम्ही ७० किलो, तो ३५०. खांद्याशी उभे रहा, नजर समोर, "चल" म्हणा, दोरीवर पुढचा हलका ताण धरा आणि डाव्या हातातली छडी पाठीमागून नेऊन पुठ्ठ्यावर (मागच्या मांसल भागावर) टिकटिक करा. टिकटिक मोठी करायची नाही, थांबवायचीही नाही. पहिलं पाऊल पडलं की ताण आणि छडी दोन्ही बंद. तरीही नाही हलला तर डोकं एका बाजूला वळवा; तोल जाऊन त्याला पाय टाकावाच लागतो.

चावतो. तोंडावर मारावं का?

नाही. तोंडावर मारलेला घोडा चावायचं सोडत नाही, चावून डोकं वेगानं मागे न्यायला शिकतो. शिवाय हात वर गेला की दचकतो, मग मोहरकी घालणं मुश्कील.

हातानं गूळ, गाजर देणं आजपासून बंद करा. खाऊ द्यायचाच तर बादलीत. रंकाळ्यावर येणारे लोक हातावर काहीबाही धरतात, त्यांनाही सांगा. खिशाला हुंगणं, मग ओठांनी ओढणं, मग दात, असाच तो प्रवास असतो. तोंड तुमच्याकडे वळलं की लगेच कामाला लावा: तीन पावलं मागे, खांदा बाजूला, पुन्हा उभा. तोंड वळवणं म्हणजे काम, हे गणित त्याला परवडत नाही.

तंग आवळताना चावत असेल तर दोष आवळण्याचा. एकदम करकचून न बांधता तीन टप्प्यांत आवळा: आधी नुसता टेकेल इतका, चार पावलं चालवून दोन भोकं, बसण्याआधी शेवटचं.

चंदीच्या वेळी तोबरा (चंदीची पिशवी) किंवा बादली घेऊन गेलं की लाथा झाडतो, अंगावर धावतो.

बादली घेऊन दारात उभे रहा. तो दोन पावलं मागे जाऊन कान पुढे करेपर्यंत बादली खाली ठेवायची नाही. कान मागे टाकलेले असताना ठेवलीत, तर कान मागे टाकण्याचं बक्षीस दिलंत. मारवाडी आणि काठेवाडी घोड्यांचे कान टोकाला आत वळलेले असतात, त्यामुळे मागे पाडलेले चटकन ओळखू येतात. दोन घोड्यांच्या बादल्यांत किमान दोन घोड्यांइतकं अंतर ठेवा. आणि चाऱ्याशिवाय उपाशी ठेवून चंदीला शिस्त मागू नका. आधी चारा, मग चंदी.

पाय उचलू देत नाही. नालबंद यायला तयार नाहीत.

हे काम नालबंद आल्यावर करायचं नसतं, त्याच्या आधी तीन आठवडे करायचं असतं.

शेपटीकडे तोंड करून खांद्याला खांदा लावून उभे रहा. तळहात खांद्यावरून खाली, पायाच्या मागच्या शिरेपर्यंत न उचलता आणत जा. हात खाली जाताना घोडा हलला तर हात तिथेच ठेवा. थांबला की काढा. हलल्यावर हात काढलात तर तो हलायलाच शिकेल. शांत उभा राहू लागला की गुडघ्याखालच्या शिरा दोन बोटांनी हलक्या चिमटीत घ्या, "पाय" म्हणा. खूर जमिनीवरून सुटलं की लगेच खाली ठेवा. तुम्ही ठेवायचा, त्यानं हिसकावण्याआधी. सुरुवातीला एक सेकंद. मग पाच, मग पंधरा. एका बैठकीत चार पायांना मिळून दहा मिनिटं पुरे.

मागच्या पायाला पुठ्ठ्यावरून हात खाली न्या, दुसरा हात कमरेच्या हाडावर ठेवा, म्हणजे लाथ येणार असेल तर स्नायू ताणलेला आधी हाताला लागतो. पाय सरळ मागे आणि खाली धरा. उंच किंवा बाहेर ओढलेला मागचा पाय दुखतो. म्हाताऱ्या घोड्याचा तर नक्कीच. हातानं भीती वाटत असेल तर मऊ दोरीचा फास पायाला घालून दूर उभं राहून हीच कृती करा.

नालबंद आले की खुरावर हलकं ठोकायची सवयही हवी. खूर कोरायच्या आकड्याच्या मुठीनं रोज दहा-बारा ठोके द्या. पाच-सहा आठवड्यांनी नाल काढून खूर छाटावं लागतंच, तेव्हा ही मेहनत वर्षभर उपयोगी पडते. नालबंद काम करत असताना दोरी धरणारा माणूस त्यांच्याच बाजूला उभा हवा. घोडं त्यांच्या अंगावर वळायला लागलं, तर डोकं तुमच्याकडे ओढलं की मागचा भाग त्यांच्यापासून लांब जातो.

मागून जायचं असेल तर?

एक तर अंगाला चिकटून, नाही तर दहा-बारा फूट लांबून. मधलं अंतर लाथेचं. जवळून जाताना पुठ्ठ्यावर हात ठेवून, बोलत जा.

बांधल्यावर मागे ओढून दोर तोडतो.

डोक्यामागे दाब आला की घोडा मूळ स्वभावानं त्याच्याविरुद्ध ओढतो. म्हणून बांधण्याआधी डोकं खाली घ्यायला शिकवा: कानांच्या मागे मोहरकीच्या पट्ट्यावर हात ठेवून हलका दाब, डोकं एक इंच खाली आलं की सोडा. मग लांब दोरी गुळगुळीत खांबाला एकच वेढा देऊन टोक हातात धरा. तो ओढेल तेव्हा दोरी सरकू द्या, थोडी रोखत. पुढे आला की पूर्ण सैल. काही दिवसांत ओढण्यात अर्थ नाही हे त्याला समजतं.

पक्कं बांधायचं ते घोड्याच्या खांद्याच्या उंचीला, दोन-अडीच फूट दोरी ठेवून, एका ओढीत सुटणाऱ्या गाठीनं. लांब ठेवलीत तर पाय अडकतो. खांबाला थेट न बांधता सुतळीचा एक वेढा करून त्यात बांधा. घोडा घाबरला तर सुतळी तुटेल, मान वाचेल. दार, बाकडं, मोटारसायकल, उभी ट्रॉली यांना कधीही बांधू नका. बांधलेली वस्तू मागे धावत आली की घोडा वेडापिसा होतो. लगामाला तर नाहीच नाही, जबडा फाटतो.

माळावर सोडला की पकडू देत नाही.

पकडलं म्हणजे काम, हे त्याला समजलेलं असतं. दिवसातून दोनदा नुसते जा, खाजवा, मोहरकी घाला, काढा, निघून या. सरळ चाल करून जाऊ नका. तिरपं, खांद्याच्या दिशेनं जा, आणि तो तुमच्याकडे बघू लागला की थांबा, पाठ वळवा. सोडतानाही शिस्त ठेवा: त्याला तुमच्याकडे आणि फाटकाकडे तोंड करून उभा करा, मोहरकी काढा, आधी तुम्ही मागे व्हा. पुठ्ठ्यावर चापट मारून पळवायची सवय जीवघेणी आहे. वळताना झाडलेली लाथ नेमकी छातीवर बसते.

हलगी, डीजे, उसाचे ट्रॅक्टर यांना बुजतो.

कोल्हापुरात हे टळत नाही. हंगाम सुरू झाला की दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर मोठ्यानं गाणी लावून रात्रंदिवस जातात. दसऱ्याला दसरा चौक, चैत्रात जोतिबाची यात्रा, गणपती, लग्नसराई, सगळीकडे वाजप.

आवाज दूर जाताना घोडा त्याच्या मागे चालवणं ही सगळ्यात चांगली रीत. एक माणूस हलगी हळू वाजवत चाळीस-पन्नास पावलं पुढे चालतो, तुम्ही मागून. घोड्याला वाटतं, ते पळतंय, मी पाठलाग करतोय. कान पुढे, मान खाली झाली की अंतर कमी करा. मग हलगी उभी, घोडा तिच्याभोवती फिरणारा. शेवटी हलगी घोड्याकडे येणारी, आणि दर खेपेस तो शांत उभा राहिला की वादन बंद. तो नाचत असताना बंद केलंत तर नाचलं की आवाज थांबतो असं शिकेल. ट्रॅक्टरचंही तसंच: आधी बंद उभा, मग चालू उभा, मग दूर जाणारा. बाहेर रस्त्यावर ट्रॅक्टर समोरून आला, तर घोड्याचं तोंड त्याच्याकडे करा. बुजलेला घोडा ज्याला बुजतो त्याच्यापासून लांब उडी मारतो, म्हणून तुम्ही नेहमी घोडा आणि ट्रॅक्टर यांच्या मध्ये, ट्रॅक्टरच्या बाजूला.

कानात घालायचे स्पंजचे बोळे मिळतात, ते घरी आठवडाभर घालून सवय करा, वरातीच्या दिवशी पहिल्यांदा नको. पायाखाली फुटणाऱ्या फटाक्यांच्या माळेसाठी मात्र कोणतंही शिक्षण पुरत नाही. वरात ठरवतानाच घोड्यापासून फटाके आणि डीजेच्या भिंती लांब ठेवायची अट घाला, नाही पटलं तर ती सुपारी सोडा. पाठीवर लहान मूल किंवा नवरदेव असतो, आणि दोघांनाही सहसा घोड्यावर बसता येत नसतं.

टेम्पोत चढत नाही.

पायाखाली घसरत असेल तर कोणताच शहाणा घोडा चढणार नाही. पत्र्यावर रबरी मॅट किंवा ओली पोती आणि भुसा टाका. उतरंड नसेल तर बांधाला टेम्पो मागे लावा. आधी घरी लाकडी फळीवर उभं राहायला शिकवा. मग पुढचे दोन पाय वर, लगेच मागे खाली. हे दहा वेळा. मागे उतरता येतं हे ठाऊक असलेला घोडा चढायला घाबरत नाही. पाठीमागून दोरानं ओढून किंवा फटके मारून चढवलेला एकदा चढतो. पुढच्या वेळी टेम्पो दिसला की वर उठतो.

क्रम लक्षात ठेवा: चढवल्यावर आधी मागचं दार बंद, मग बांधायचं. उतरवताना आधी सोडायचं, मग दार. उलट केलं की घोडा बांधलेला असताना मागे धावतो.

शिंगराला कधीपासून?

पहिल्या आठवड्यापासून, दोन-चार मिनिटं. अंगावर हात, पाय क्षणभर उचलणं, आईच्या मागे मोहरकीनं चालणं. शिंगराला कधीही नुसतं डोक्याला धरून ओढू नका, मानेचे मणके कोवळे असतात. मागून पुठ्ठ्याभोवती मऊ दोरी घेऊन पुढे आणा. पुढचे पाय माणसाच्या अंगावर टाकणं तेव्हा गोंडस दिसतं. तीन वर्षांनी तेच पाय डोक्यावर येतात. पहिल्या वेळेलाच थांबवा.

घोडा खच्ची केलेला नाही. वेगळं काही?

नियम तेच, ढिलाई शून्य. माद्यांच्या वाऱ्यावर बांधू नका, मुलांच्या हाती देऊ नका, एकटा कोंडूनही ठेवू नका. पैदाशीचा विचार नसेल तर खच्ची करून घेणं त्याच्याही भल्याचं, असं आम्ही स्पष्ट सांगतो.

मारल्याशिवाय आणि काटेरी लगामाशिवाय घोडा ताब्यात राहतो का?

राहतो. काटेरी लगाम बेकायदेशीर आहे. ओझी वाहणाऱ्या व गाडीच्या जनावरांसाठी १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली जे १९६५ चे नियम आहेत, त्यांत काटे किंवा टोकं असलेल्या लगामाला आणि काठीला बंदी आहे. काट्यानं जीभ आणि तोंडाचे कोपरे सोलतात, पुढे तिथली कातडी मरते आणि घोडा कोणत्याच लगामाला जुमानत नाही. दोन खांबांना बांधून फटके मारत नाचवायला शिकवणं हीदेखील क्रूरताच. असा घोडा आवाजानं घाबरून पाय उचलतो आणि वरातीत तीच भीती कधी उधळेल सांगता येत नाही.

घरात चार जण घोडा हाताळतात, त्यानं बिघडतो का?

चौघांचे शब्द वेगळे असतील तर बिघडतो. थांबायला "हो", मागे "मागं", पाय उचलायला "पाय", चालायला "चल": चार शब्द ठरवा, तबेल्याच्या दारावर लिहा. अंगावर घासून घेऊ द्यायचं नाही, हे एकानं पाळलं आणि तिघांनी सोडलं तर घोड्याच्या दृष्टीनं नियमच नाही.

किती दिवस लागतात?

रोज दोनदा दहा-पंधरा मिनिटं दिलीत, तर न बिघडलेला घोडा मागे सरणं, चालणं, थांबणं दोन-तीन आठवड्यांत करतो. पाय देणं आणि बांधून उभं राहणं याला महिनाभर. मारून बिघडलेल्याला कित्येक महिने, आणि मध्येच एखाद्या दिवशी तो पूर्वीपेक्षा जास्त जोर लावून बघतो. जुनी युक्ती आता का चालत नाही, हे तो तपासत असतो. त्या दिवशी हार मानलीत तर सगळं वाया. तासभर शिकवू नका, जमलेल्या गोष्टीवर थांबा.

चावलं किंवा लाथ लागली तर पहिलं काय करायचं?

कातडी फाटली असेल तर वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवा. हळद, चुना काही लावू नका. त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. धनुर्वाताचे जंतू घोड्याच्या लिदीत आणि तबेल्याच्या मातीत असतात. चावलेलं असेल तर रेबीजच्या लसीबद्दलही डॉक्टरांना विचारा, विशेषतः घोड्याला कुत्रं चावल्याची शंका असेल किंवा त्याचं वागणं अचानक बदललं असेल तर. अशा घोड्याच्या तोंडात हात न घालता त्याला वेगळा बांधून पशुवैद्यांना बोलवा. पोटावर किंवा डोक्याला लाथ लागली असेल तर बाहेरून काही दिसत नसलं तरी दवाखाना. पोटातला रक्तस्राव काही तासांनी लक्षात येतो, तोवर त्या माणसाला एकटं सोडू नका.